रंगाखालचा श्री

वीस वर्षांपूर्वी तुम्ही वसई-विरारच्या पट्ट्यात राहत असाल आणि तुम्हाला वाचता येत असेल, तर विद्याधर चुरींचं अक्षर तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. नाव ठाऊक असायचं कारण नाही. किराणा दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, देवळातली देणगीदारांची यादी, दवाखान्याच्या वेळा, 'येथे थुंकू नये'. या सगळ्यामागे एक लिहिणारा हात असतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. थुंकणारे तर पाटी वाचून थुंकतात.

विद्याधर निर्मळचे. थोरल्या भावाच्या वाट्याला केळीची बाग आली, यांच्या वाट्याला बागेचा एक कोपरा आणि हातातला ब्रश. कोपऱ्यात बायको अनसूया मोगरा आणि अळू करते. ब्रशावर चाळीस वर्षं घर चाललं. अक्षर शिकवलं विरारच्या कृष्णामास्तरांनी. मास्तरांच्या हातात सोनं होतं आणि तोंडात कारलं. शिव्या पोतंभर दिल्या, शिकवण मात्र दोनच गोष्टींची.

पहिली गोष्ट अशी की कुठल्याही भिंतीला, पत्र्याला, फळीला ब्रशाचा पहिला स्पर्श 'श्री'चा. अंगठ्याएवढा श्री काढायचा, सुकू द्यायचा आणि त्यावरून पाटीचा रंग मारून टाकायचा. तो गिऱ्हाइकासाठी नाही, म्हणून गिऱ्हाइकाला दिसायचा नाही. दुसरी गोष्ट शिरोरेघेची. बाकीचे पेंटर आधी वरची रेघ मारतात आणि दोरीवर कपडे घालावेत तशी तिला अक्षरं टांगतात. मास्तर म्हणायचे, "आधी अक्षरं उभी कर. एकमेकांकडे बघून उभी राहू देत. मग डोक्यावरून एका श्वासात रेघ मार." आणि ती रेघ शब्द संपता संपता केसभर वर उचलायची. का, ते मास्तरांनी सांगितलं नाही. विद्याधरांनी विचारलंही नाही, कारण मास्तरांना प्रश्न विचारणं म्हणजे आगीत हात घालणं.

ही श्रीची गोष्ट अनसूयेला ठाऊक होती आणि पाचूबंदरच्या बर्नार्डला. बर्नार्डच्या होडीवर नाव रंगवताना त्याने तो श्री पाहिला. विद्याधर जरा चपापले, कारण होडी होती मारियामातेच्या नावाची. पण बर्नार्ड हसला. "खालती तुजा श्री, वरती माजी मारियाबाय," तो म्हणाला. "दोगांनी धरल्यावर बुडनार कशी?" होडी बावीस वर्षं चालली.

मग फ्लेक्स आला. संध्याकाळी सांगा, सकाळी पाटी तयार, वर दुकानदाराचा हसरा फोटो. त्याचं दुःख एकट्या विद्याधरांचं नव्हतं, गावोगावच्या पेंटरांचं होतं. पण विद्याधरांच्या दुःखाला एक जास्तीची गाठ होती. चंदनसारला फ्लेक्सचं मशीन टाकलं ते त्यांच्याच मुलाने, परेशने. बापाच्या पोटावर पाय देणारं यंत्र पोराने विकत आणलं, असं लोक बोलले. लोकांचं काय जातं, बोलायला तोंड आहे. विद्याधर मात्र काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त वाईट झालं. परेश दर रविवारी निर्मळला जेवायला यायचा. बापलेक आमटीबद्दल बोलायचे, क्रिकेटबद्दल बोलायचे. पण अकरा वर्षांत विद्याधर परेशच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. एकदा दुकानाचा विषय निघाला तेव्हा अनसूया म्हणाली होती, "दोघांनी एकेक वाक्य बोललात तरी मिटेल." त्यावर दोघांनी आमटी वाढून घेतली.

चुरी पेंटरांची कामं संपता संपता एक काम मात्र नव्याने आलं. विरार पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एका विद्यापीठाने आपली नवी शाळा उघडली. चित्रकला, सिनेमा, आवाज, कम्प्युटर हे सगळं तिथे एका छपराखाली शिकवतात. नाव लांबलचक आहे. रिक्षावाले तिला 'कॅमेरा कॉलेज' म्हणतात आणि बरोबर दारात नेऊन सोडतात. तिथे आत शिरल्याशिरल्या एक लांब भिंत आहे. वर्षभरात ज्या मुलांनी काही नाव कमावलं, त्यांची नावं दर मार्चमध्ये तिच्यावर लिहितात. कुणाची छोटी फिल्म परदेशी दाखवली गेली, कुणी मुक्या माणसाच्या हातवाऱ्यांचं बोलणं करून दाखवणारा हातमोजा केला. तिथे अक्षर शिकवणाऱ्या लेस्ली डाबरे सरांनी पहिल्याच वर्षी हट्ट धरला की ही भिंत हातानेच रंगवायची. त्यांनी पेंटर शोधला आणि सात वर्षं विद्याधर त्या भिंतीवर दुसऱ्यांची नावं काढत राहिले.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. विद्याधर लाकडी शिडीवर चढून शेवटचं नाव काढत होते, 'सलोनी घाडी'. हात लावला की बोलणारं एक चित्र या मुलीने केलं होतं, त्याला कसलंसं बक्षीस मिळालं होतं. अक्षरं उभी राहिली. श्वास धरला, शिरोरेघ ओढली, आणि 'नी'वर पोचता पोचता हात थरथरला. रेघ वेडीवाकडी गेली. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून त्यांनी ती पुन्हा मारली, तरी तेच.

"काका, राहू दे ना. मला चालेल," खालून आवाज आला.

"तुला चालेल गं. भिंतीला नाही चालत."

"माझंच नाव आहे ते."

विद्याधरांनी खाली पाहिलं. आखूड केस, गळ्यात हेडफोन, पायात दोन रंगांचे मोजे.

"मग तर मुळीच चालणार नाही," ते म्हणाले. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी तिसऱ्यांदा रेघ मारली. जमली. पण मुलीने मनगट पाहिलं होतं.

ते खाली उतरल्यावर तिने विचारलं, "कधीपासून होतंय?"

"काय?"

"हात."

"कुठे काय! आज चहा झाला नाही अजून, म्हणून."

ती वळली आणि कॅन्टीनमधून चहा घेऊन आली. विद्याधरांनी कप उचलला आणि अर्धा चहा बशीत, उरलेला शर्टवर. थाप तिथेच उघडी पडली.

हात दिवाळीपासून कापत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की जिवाला धोका नाही, पण बारीक काम आता विसरा. बारीक काम विसरा! जेवण विसरा म्हणाले असते तर परवडलं असतं.

सलोनी राहायला बोळिंजला, चौदाव्या मजल्यावर. वडील मूळचे कुडाळचे, मुंबईत विमा कंपनीत. ती शेवटच्या वर्षाला जाणार होती आणि वर्षभराच्या मोठ्या कामासाठी विषय शोधत होती. दहा-बारा दिवसांनी ती लेस्ली सरांना घेऊनच निर्मळला आली.

"काका, मला तुमच्या अक्षराचा फॉन्ट करायचाय," ती म्हणाली.

"म्हणजे काय करायचंय?"

"म्हणजे कम्प्युटरवर कोणीही टाइप केलं ना, की अक्षर तुमच्या हातचं येणार. तुम्ही नसलात तरी."

"मी नसलो तरी? पोरी, इतक्यात?"

सलोनीने जीभ चावली. "सॉरी सॉरी! आय मीन, तुमचा हात नसला तरी."

हे तर आणखीच भलतं झालं. लेस्ली सर छपराकडे बघायला लागले. पण विद्याधर मनापासून हसले, कितीतरी दिवसांनी.

हात जाणार, हे त्यांनी आतल्या आत मान्य केलं होतं. अक्षर जाणार, हे मात्र घशाखाली उतरत नव्हतं. कृष्णामास्तरांनी ते यांना दिलं, यांनी पुढे कुणालाच दिलं नाही. घ्यायला कुणी आलंच नाही. पाट्या एकेक करून उतरत होत्या, आणि शेवटची पाटी उतरली की असं अक्षर या जगात होतं याला पुरावा उरणार नव्हता. ही पोरगी म्हणत होती, उरेल. विद्याधरांचा त्या एका शब्दावर जीव जडला.

"तुम्ही मला सगळी अक्षरं लिहून द्या," ती जाताना म्हणाली. "क, ख, ग, सगळी. स्वर, काना, मात्रा, आकडे. घाई नाही."

आणि इथे विद्याधरांनी घोळ घातला. विद्यापीठाचं काम म्हणून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. पट्टी आणली, कंपास आणला, जाड ड्रॉइंग पेपर आणला. पट्टी धरली की हातही फारसा कापत नव्हता. तीन आठवडे ते ओटीवर बसून चौकोन आखत राहिले आणि एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवत राहिले. गोल कंपासने, उभी रेघ पट्टीने.

"अहो, अक्षरं काढताय की घराचा नकाशा?" अनसूयेने विचारलं. नवराबायको घरात गावची बोली बोलतात. इथे सगळ्यांना कळावी म्हणून मी ती सरळ करून घेतली आहे.

"तुला नाही कळायचं. विद्यापीठात जायचंय हे."

"बरं बाई. जाऊ दे विद्यापीठात," ती म्हणाली आणि गजऱ्याकडे वळली.

इस्त्रीचा शर्ट घालून, गुंडाळी काखेत धरून विद्याधर शाळेत गेले. लेस्ली सरांनी तक्ता टेबलावर पसरला. चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला. "मेहनत खूप घेतलीत, चुरीकाका," ते म्हणाले. कामाऐवजी मेहनतीचं कौतुक झालं की काम पसंत नाही, हे चाळीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. सलोनीही 'छान' म्हणाली, पण फार हळू.

रविवारी ती स्कूटर घेऊन एकटीच आली. ओटीवर बसली, पाणी प्याली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. "काका, रागवा हवं तर. हे तुमचं अक्षर नाहीये. असं तर पुस्तकात असतं. मला भिंतीवरचं पाहिजे."

विद्याधर रागावलेच. "भिंतीवरचं गावठी अक्षर विद्यापीठात न्यायचं? तिथले लोक हसतील. मला आणि तुलाही."

"गावठी कोण म्हणालं? मी रोज कॉलेजात शिरताना ते बघते, म्हणून तर तुमच्याकडे आले ना!"

गजरा ओवता ओवता, वर न बघता, अनसूया म्हणाली, "यांनी आयुष्यात एकटा 'क' रंगवलाय कधी? 'क' मागायला कोण येतं? लोक 'किराणा' मागायला येतात."

विद्याधर तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी एकही सुटं अक्षर रंगवलं नव्हतं. त्यांचा 'र' पाय पुढे टाकतो तो शेजारी जागा असेल तर, नाहीतर आवरून घेतो. त्यांचा 'क' पोट किती सोडतो ते पुढच्यावर असतं. आणि शिरोरेघेची ती शेवटची उचल, ती तर शब्द असल्याशिवाय येणारच कुठून? तक्त्यात त्यांनी प्रत्येक अक्षराला खोलीत कोंडून वर झाकण ठेवलं होतं.

त्यांनी आत जाऊन एक जुना पत्रा काढला. कोपऱ्यात श्री काढला, त्यावरून रंग मारला, पंख्याखाली वाळवला आणि मग ओटीवर आणून सलोनीसमोर 'किराणा भुसार' लिहिलं. अक्षरं जिवंत उभी राहिली, पण नखशिखांत थरथरत. सलोनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

"आता नव्याने नाही जमायचं," विद्याधर म्हणाले. "जुनी शोधावी लागतील."

पुढचे चार रविवार चौसष्ट वर्षांचे विद्याधर एका कॉलेजच्या मुलीच्या स्कूटरवर मागे बसून स्वतःच्या पाट्या शोधत फिरले. निर्मळच्या देवळाजवळची देणगीदारांची यादी होती, तिथे ग्रॅनाइट बसला होता. सोपाऱ्याच्या दुकानावर फ्लेक्स. आगाशीच्या दवाखान्यावर फ्लेक्स. बर्नार्डची लाकडी होडी मोडीत निघून फायबरची आली होती. "नाव पन स्टिकरचं," तो ओशाळून म्हणाला. एका बंद पडलेल्या गिरणीवर 'दळण' सापडलं, एका शाळेच्या मागच्या भिंतीवर अर्धा सुविचार. अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्यावर पाण्याची टाकी टेकवली होती. चार रविवारांत सत्तावीस अक्षरं मिळाली. जोडाक्षरं धरून सलोनीला काही शे आकार बसवायचे होते. लेस्ली सरांनी तिला बजावलं होतं की दिवाळीपर्यंत पुरेसा ऐवज जमला नाही, तर विषय बदलावा लागेल.

चौथ्या रविवारी आगाशीच्या नाक्यावर सलोनीने वैतागून हेल्मेट काढलं. समोरच्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक नाव होतं. "हा परेश डिजिटल, चंदनसार! जाऊ तिथे हाच. काका, या माणसाने तुमच्या सगळ्या पाट्या खाल्ल्या."

"माझा मुलगा आहे तो," विद्याधर म्हणाले.

सलोनीला कुठे बघावं ते कळेना. तिने त्यांना गुपचूप घरी सोडलं. पण ही मुलगी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. मंगळवारी दुपारी विद्याधर अळूच्या वाफ्याला पाणी सोडत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"काका, मी परेशदादाच्या दुकानात आहे. तुम्ही या. आत्ताच्या आत्ता या."

"काय झालं? भांडलीस की काय त्याच्याशी?"

"भांडायलाच आले होते. तुम्ही या फक्त."

चिखलाचे पाय धुऊन विद्याधर रिक्षात बसले. अकरा वर्षं जी पायरी टाळली ती समोर आली तेव्हा क्षणभर थांबले, मग चढले. आत मशीन घरघरत होतं. परेश काउंटरमागे उभा होता, आठवीत नापास झाल्यावर उभा राहिला होता तसाच. त्याने नुसतं माळ्याच्या शिडीकडे बोट केलं.

माळ्यावर पत्र्याच्या पाट्या होत्या. भिंतीला टेकवून, ओळीने, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून ठेवलेल्या. 'औषधे'. 'ताजा ढोकळा'. 'झेरॉक्स काढून मिळेल'. 'श्रद्धा ज्ञानमंदिर'. 'सायकली भाड्याने'. सोपाऱ्याचा किराणा होता, आगाशीचा दवाखाना होता. एकशे बारा पाट्या. सलोनी त्यांच्यामध्ये जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्या केसांत जळमटं होती.

"फ्लेक्स लावायला गेलो की जुनी पाटी काढावी लागायची," परेश खालून म्हणाला. "लोक म्हणायचे, भंगारात टाक. मला नाही जमलं, बाबा. तुमचं अक्षर भंगारवाल्याच्या पायाखाली नको वाटलं."

"इतकी वर्षं? मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी दुकानात आलात?"

विद्याधर शिडीवरच बसले आणि रडले. पोर आपल्या पाट्या उतरवत फिरतो एवढंच त्यांनी अकरा वर्षं पाहिलं होतं. उतरवलेली पाटी तो कुठे नेतो, हे विचारण्याचा त्यांच्या मनात एकदाही विचार आला नव्हता. परेशने मशीन बंद केलं आणि बापाच्या पाठीवर हात ठेवला. अनसूयेने सांगितलेलं एकेक वाक्य बोलून झालं होतं.

थोड्या वेळाने वरून सलोनीचा आवाज आला. "काका, एक विचारू? जिथे रंगाचे पोपडे गेलेत ना, तिथे प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात खाली काहीतरी आहे. प्रत्येक पाटीवर. श्री आहे का ते?"

विद्याधरांनी नाक पुसलं आणि तिला कृष्णामास्तरांची गोष्ट सांगितली. परेशनेही ती पहिल्यांदाच ऐकली.

पुढचं सगळं काम शाळेतल्या कम्प्युटरच्या खोलीत झालं. सलोनीने प्रत्येक पाटीचे फोटो काढले, अक्षरांच्या कडा गिरवल्या. विद्याधर आठवड्यातून तीन दिवस तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. "त्याचं पोट आवर," ते म्हणायचे. "हा 'स' झोपलाय, उठव त्याला." आजूबाजूची मुलं आपापली कामं टाकून ऐकायला यायची. भावाच्या बागेतल्या केळ्यांच्या फण्या ते मुलांत वाटायचे. त्यांना तिथे खुर्ची मिळाली, मग खुर्चीला त्यांचं नाव पडलं.

अडलं ते शिरोरेघेवर. कम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा घेऊन येतं. तुकडे जोडले की रेघ होते, पण ती सपाट जाते आणि सपाट संपते. "एका श्वासातली नाही ही," विद्याधर मान हलवायचे. महिनाभर सलोनी त्यावर डोकं आपटत होती. शेवटी तिने शब्द कुठे संपला ते ओळखणारी आज्ञा लिहिली. टाइप करणारा थांबला, मोकळी जागा सोडली, की शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ आपोआप केसभर उचलली जायची. पहिल्यांदा ती उचलली गेली तेव्हा विद्याधर खुर्चीतून उठून उभे राहिले. मास्तरांसमोर राहायचे तसे.

फेब्रुवारीत देशभरच्या विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेत या कामाला अक्षररचनेचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्या उचललेल्या रेघेचा खास उल्लेख केला. सलोनीने नाचून खोली डोक्यावर घेतली. फॉन्टला तिने नाव दिलं होतं 'चुरी पेंटर', आणि सरांनी सुचवलेली चार भारदस्त नावं तिने सरळ नाकारली होती.

आणि मार्च आला. भिंत पांढरी करून तयार होती. या वर्षी तिच्यावर कुणी चढायचं नव्हतं. नावं विद्याधरांच्याच अक्षरात कम्प्युटरवर लावायची, परेशने ती आपल्या मशीनवर कापून द्यायची आणि मुलांनी भिंतीवर चिकटवायची, असं ठरलं. परेश मोजमाप घ्यायला आला होता. अनसूया कॉलेज बघायला म्हणून आली होती आणि पदराने घाम पुसत सगळ्या यंत्रांकडे संशयाने बघत होती. यादीतल्या एका ओळीत लिहायचं होतं, 'चुरी पेंटर: अक्षर विद्याधर चुरी, संगणक सलोनी घाडी'. इतरांची हजारो नावं काढलेल्या माणसाने आपलं पूर्ण नाव कधीच कुठे काढलं नव्हतं. ते वाचताना विद्याधरांना जरा परक्या माणसाबद्दल वाचतोय असं वाटलं.

"पहिला शब्द तुम्ही टाइप करायचा," सलोनी म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

"मला नाही जमायचं. हात बघ."

"हातच लागतो ना, काका. काप रे म्हणावं त्याला, काप. चारच बटणं आहेत. मी दाखवते."

विद्याधर बसले. समोर पांढरा पडदा होता, कोरी भिंत असते तसा. कोणता शब्द, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांचं बोट बटणांवर इतकं थरथरत होतं की पहिलं बटण दोनदा दाबलं गेलं आणि सलोनीला एक 'श' पुसावा लागला. मग पडद्यावर एकटा 'श' उभा राहिला. दुसऱ्या बटणाने त्याचा पाय मोडला. तिसऱ्याने त्याने 'र'ला पोटात घेतलं. चौथ्याने डोक्यावरून वेलांटी आली, खाली उतरली, आणि रेघ शेवटी केसभर उचलली गेली.

श्री. पंचवीस वर्षांपूर्वीच्या हातचा, एकही थरकाप नसलेला. सोपाऱ्याच्या किराण्याच्या पोपड्याखाली होता तो. सलोनीने तोच घेतला होता.

विद्याधरांचा हात मांडीवर कापत होता आणि पडद्यावरचं अक्षर ताठ उभं होतं. अनसूयेने पुढे होऊन तो हात आपल्या हातात धरला.

"आता हा झाकायचा कसा?" विद्याधरांनी विचारलं.

सलोनीने त्यांना पुसायचं बटण दाखवलं. विद्याधरांनी दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यावर नेलं. तिथेच थांबवलं. मग काढून घेतलं.

"या वेळी राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, पण मग तो भिंतीवर येईल," परेश म्हणाला. "सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे."